खिंडीतला दुसरा मिस्ड कॉल

किस्से गोळा करायला मी कधी कुठे गेलो नाही. उरवड्याच्या आमच्या कारखान्यात ट्रान्सपोर्टची केबिन गेटला लागून होती. गाडी लावून किल्ली जमा करायला येणारा ड्रायव्हर किल्लीबरोबर एखादा किस्साही ठेवून जायचा. किल्ल्या दुसऱ्या दिवशी परत जायच्या. किस्से राहिले ते राहिलेच!

मी मूळचा बार्शीकडचा. नोकरीसाठी मुळशीत आलो आणि इथलाच जावई झालो. स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारा माणूस मी. अशा माणसाला कंपनीने काम काय द्यावं? तर कोणती गाडी या क्षणी कुठे आहे, ते सांगायचं!

गाड्या सपाटीला असत्या तर हरकत नव्हती. पण कारखान्याच्या वर खिंड होती. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी आणि मध्ये एकच मोठी गाडी जाईल एवढा रस्ता. वळणं अशी की समोरची गाडी बंपरला बंपर लागेपर्यंत दिसायची नाही. खिंड चढून वर गेलं की फाटा. डावीकडे काही वाड्या, उजवीकडे माझ्या सासुरवाडीचं गाव.

आमच्या दोन गाड्या तिथून रोज ये-जा करायच्या. एक नामदेव अण्णांची बस. वरच्या गावातल्या बायकांना ती पॅकिंगच्या शिफ्टला आणायची. दुसरा टेम्पो. आमच्या रबरी मालाच्या कडा कापायचं काम डावीकडच्या वाड्यांमधल्या बायका घरी बसून करायच्या, त्यांचा माल टेम्पोतून जायचा-यायचा. टेम्पोवर होता प्रकाश, म्हणजे आमचा पक्या. माझा सख्खा मेहुणा. थोडक्यात, खिंडीच्या एका तोंडाला बसभर बायका, दुसऱ्या तोंडाला सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, आणि मध्ये खुर्चीत बसून मी!

*

अण्णा फार बोलायचे नाहीत. पण नवा ड्रायव्हर कामावर आला की त्याला केबिनबाहेरच्या बाकावर बसवून एक गोष्ट न चुकता सांगायचे.

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. अण्णांचा धाकटा भाऊ किसन वडापची, म्हणजे भाड्याने माणसं नेणारी, जीप चालवायचा. एका सकाळी तो खिंडीतून खाली येत होता आणि खालून दगडाचा ट्रक वर चढत होता. त्यात किसन गेला. ट्रकवाला वाचला. हॉस्पिटलात तो अण्णांच्या पाया पडून रडला. म्हणाला, "मी हॉर्न दिला होता. देवाशप्पथ दिला होता."

नवा ड्रायव्हर इथे हमखास म्हणायचा, "म्हंजे किसननं दिला न्हाई."

"त्यानं बी दिला हुता," अण्णा म्हणायचे. "जीपमदल्या मान्सांनी सांगितलं. दोगांनी एकाच टायमाला दिला. आपलाच हॉर्न कानात आसल्यावर दुसऱ्याचा ऐकू येतो व्हय?"

मग ते उठून टायर बघायला जायचे.

*

कंपनीने आम्हाला मोबाइल दिले, तेव्हा अण्णांनीच नियम केला. खिंडीत शिरायच्या आधी केबिनला मिस्ड कॉल. पलीकडे बाहेर पडलं की दुसरा मिस्ड कॉल. पहिला म्हणजे "शिरलो", दुसरा म्हणजे "सुटलो". एकाचा दुसरा कॉल आल्याशिवाय दुसऱ्याने आत शिरायचं नाही.

मिस्ड कॉलच का? एक तर फुकट! आणि दुसरं खरं कारण म्हणजे खिंडीत रेंज कुठे धरेल याचा नेम नव्हता. रिंग जायची, पण उचलला की आवाज तुटायचा आणि फोन कट. म्हणून उचलायची भानगडच ठेवली नाही. रिंग वाजली की मी नंबर बघायचो आणि पलीकडच्याला कळवायचो.

ऐकायला सोपं आहे. पण पहिला कॉल आणि दुसरा कॉल यांच्या मधला वेळ काय असतो, ते मला विचारा! मी फोन स्टीलच्या ताटलीत ठेवायचो, म्हणजे थरथरला तरी खणखण वाजेल. तोवर मी जेवायचो नाही आणि कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचो नाही. माझी बायको सुशीला एकदा डबा घेऊन आली, तेव्हा माझी ही दशा बघून म्हणाली, "अहो, तुम्ही जेवताय का खिंड राखताय?"

*

नियम झाला, पण गेटवरच्या नव्या वॉचमनला तो कळेना. मी जेवायला गेलो की फोन त्याच्याकडे. माणूस बिहारकडचा आणि अतिशय नम्र. फोन वाजला की उभा राहून उचलायचा आणि म्हणायचा, "हॅलो, नमस्ते!"

पलीकडे पक्या खिंडीच्या तोंडाशी डोकं धरून बसायचा. "आरं बाबा, उचलू नको!"

"जी, क्यों?"

"उचलला तर तो मिस्ड ऱ्हातो का?"

हे त्याला पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने एकही फोन उचलला नाही. मॅनेजरसाहेबांचे पुण्याहून आलेले फोनसुद्धा!

*

काही दिवस असे गेले की भर दुपारी अण्णांच्या नंबरवरून "शिरलो" यायचं. मी घाबरून पक्याला वर फाट्यावर थांबवून ठेवायचो. अण्णांची बस तर त्या वेळी कारखान्याच्या शेडमध्ये उभी असायची! मी बाहेर जाऊन बघायचो, बस जागेवर. अण्णांचा मात्र पत्ता नाही, आणि पुन्हा रिंग. आता हे "सुटलो" समजायचं की काय?

चौथ्या-पाचव्या दिवशी उलगडा झाला. अण्णा दुपारी घरी जेवायला जायचे आणि मोबाइल चुलीजवळच्या फळीवर ठेवून हात धुवायला निघायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, कोळवण गावच्या. माहेरी भावाने नुकताच फोन घेतलेला. पण अण्णांच्या फोनवर त्यांना एकच बटण ओळखीचं झालं होतं. ते दाबलं की फोन मला लागायचा. त्या कानाला लावून वाट बघायच्या. उत्तर आलं नाही की चिडून ठेवून द्यायच्या.

"किती दिस झालं," त्या मला भेटल्यावर म्हणाल्या, "भावाला फोन करती, उचलीत न्हाई. एवढं तांदूळ पाठवलं तरी बोलायला फुरसत न्हाई मेल्याला!"

पक्या त्या दुपारी वर उन्हात तासतासभर उभा राहिलेला. त्याने हात जोडले. "काकू, त्यो फोन दाजींना लागत हुता वो. तुमच्या भावामुळं मी भाजून निगालो!"

*

पक्याच्या बाबतीत माझा जीव कायम टांगणीला, कारण स्वारी विसराळू. "शिरलो" न चुकता द्यायचा. "सुटलो" मात्र कधी फाट्यावरून यायचं, कधी वाडीत चहा झाल्यावर, तर कधी माल उतरवून झाल्यावर. तोवर इकडे मी ताटलीसमोर आणि तिकडे अण्णा बस रोखून उभे.

मी ओरडलो की म्हणायचा, "दाजी, सुटलोच हुतो की! सांगायचं तेवडं ऱ्हायलं."

"अरे, न सांगता सुटलास काय आणि न सुटलास काय, मला इथे बसून सारखंच!"

"तुमी लई टेन्शन घेता, दाजी."

एकदा त्याने सुधारायचं ठरवलं आणि मेसेज पाठवायला शिकला. खिंडीत टेम्पो बंद पडला, तेव्हा इंग्रजी अक्षरांत "गाडी बंद" असं टाइप करून पाठवलं. थोड्या वेळाने टेम्पो आपोआप चालू झाला आणि तो निघून गेला. मेसेज मात्र खिंडीतच अडकला. तो मला पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी. मी मेकॅनिकला मोटारसायकलवर पिटाळलं, अण्णांना बस काढू नका म्हणून सांगितलं, आणि घाम पुसत कँटीनमध्ये पाणी प्यायला गेलो. समोर पक्या भाकरी मोडत बसलेला!

"काय झालं, दाजी? कुटं गाडी बंद पडली का कोनाची?"

*

वरच्या खोऱ्यात तेव्हा पुण्याच्या लोकांनी फार्महाउस बांधायला सुरुवात केली होती. त्यातल्या एका निवृत्त साहेबांना आमची पद्धत फार आवडली. "एक्सलंट! मलाही यात घ्या," म्हणाले. मीही खूश झालो. बाहेरचा माणूस नियमात आला म्हणजे काळजी तेवढी कमी.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन. मिस्ड कॉल नव्हे, चांगला वाजत राहिलेला. मी नियम मोडून उचलला.

"मी कोथरूडहून निघतोय. बायकोचं आवरतंय. तासा-दीड तासात पोचेन. तेवढी खिंड मोकळी ठेवा!"

त्यांना समजवायला मला तेवढाच वेळ लागला.

*

आणि एक दिवस तर नियमाचाच घोळ झाला. वरून अण्णांनी आणि खालून पक्याने "शिरलो" दिलं ते एकाच वेळी. माझ्या फोनवर दोन्ही नंबर एकाखाली एक. मी दोघांनाही फोन लावला. नशिबाने दोघेही अजून तोंडाशीच होते. मी दोघांनाही सांगितलं, "थांबा! समोरून गाडी येतेय."

थांबले. दोघेही थांबले. पक्या म्हणाला, अण्णा वडीलधारे, त्यांची गाडी आधी येऊ दे. अण्णा म्हणाले, चढणारी गाडी आधी, तो रस्त्याचा कायदा हाय. मी कोणाला "या" म्हणू? मी "या" म्हणायचो आणि दुसऱ्याने तोवर गाडी सोडलेली असायची! सारखी डोळ्यांसमोर किसनची जीप.

तेवढ्यात एक एसटी आरामात खिंडीतून वर आली. ड्रायव्हरकडे मोबाइल नव्हता, त्याला नियम माहीत नव्हता आणि कशाची फिकीरही नव्हती. अण्णांच्या बसशेजारून जाताना कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "पंक्चर का?"

*

पुढे-पुढे आमची कीर्ती हिंजवडीपर्यंत पोचली. मारुंजीत खोली घेऊन राहणारा एक लातूरकडचा इंजिनियर आमच्याकडे यायला लागला. पोरगा गुणी. गाड्या एकमेकींशी आपणहून बोलतील आणि धडक टळेल, असं काहीतरी तो मोबाइलवर करत होता. त्याने बसमध्ये एक आणि टेम्पोत एक डबी बसवली. गाड्या जवळ आल्या की डबी बोलायची, "पुढे गाडी आहे, सावकाश." आवाज त्याने स्वतःचाच भरला होता. बसमधल्या बायका कौतुकाने त्याला उत्तर द्यायच्या, "बरं बाबा!"

मला वाटलं, सुटलो एकदाचा. आता काळजी डबी करेल!

फाट्याच्या वर गावाकडचा रस्ता वळून वाड्यांच्या रस्त्याच्या डोक्यावरून जातो. खालचा पदर वेगळा, वरचा पदर वेगळा. एके दिवशी बस वरच्या पदरावर आली आणि टेम्पो बरोबर तिच्याखाली. नकाशावर दोन्ही गाड्या एकाच ठिपक्यावर! डब्यांनी जो गिल्ला केला! "पुढे गाडी आहे, पुढे गाडी आहे!" अण्णांनी ब्रेक दाबला, पक्याने ब्रेक दाबला. दोघे खाली उतरले. रस्ता रिकामा. पक्याने वर बघितलं, अण्णांनी कठड्यावरून खाली बघितलं.

"आन्ना, धडक झाली का वो आपली?"

"झाली आसंल बाबा. डबी म्हनती तर!"

इंजिनियर पोट धरून हसला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "उंची धरायची राहिली." त्याने ती धरलीही. महिन्याभरात डबी शहाणी झाली. पण तेवढ्यात त्याच्या कंपनीने ते काम बंद केलं आणि त्याला बंगळुरूला धाडलं. जाताना डब्या काढताना तोच रडवेला झाला होता. म्हणाला, "सर, आणखी थोडा वेळ मिळायला हवा होता." माझी ताटली मी पुन्हा टेबलावर ठेवली.

*

शेवटचा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

नागपंचमीला सुशीला माहेरी गेली. पक्यानेच तिला टेम्पोत बसवून नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांच्या बसने कामगार बायकांबरोबर खाली येणार होती. रात्रभर पाऊस लागलेला, आणि सकाळी धुकं इतकं की केबिनमधून गेट दिसत नव्हतं.

पक्या माल भरून वर निघाला. "शिरलो" आलं. मी चहा सांगितला. खिंड पार करायला चहाचा कप संपेपर्यंतचा वेळ पुरायचा. कप संपला. ताटली गप्प.

वरून अण्णांचा फोन आला. ते गावातल्या देवळापाशी बस उभी करायचे. तिथे आवाज नीट यायचा, पण फाटा किंवा खिंड दिसायची नाही.

"सायेब, पक्याचा दुसरा?"

"नाही आला."

"थांबतो मंग."

मी पक्याला फोन लावला. स्विच ऑफ! पुन्हा लावला. स्विच ऑफ! रेंज नसणं मला माहीत होतं. बंद असणं नवीन होतं. पक्या सगळं विसरेल, पण फोन बंद करणार नाही.

प्रॉडक्शन मॅनेजर केबिनमध्ये येऊन उभे राहिले. लाइनवर बायका नाहीत, मशीन रिकामी. "बस कुठे अडकली?"

मी सांगितलं.

"अहो, तुमचा मेहुणा विसरतो, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना? वाडीत चहा पीत बसला असेल. सोडा बस."

बरोबरच होतं त्यांचं. नेहमी तसंच व्हायचं. फाट्यावरून डावीकडे वळला असेल, चार्जिंग संपलं असेल, फोन बंद पडला असेल. एक शब्द बोलायचा होता, "सोडा". पण तो विसरला नसेल तर? टेम्पो वळणावर बंद पडून उभा असेल, आणि वरून धुक्यातून उतारावर अण्णांची बस? त्या बसमध्ये सुशीला. दरीच्या बाजूच्या खिडकीत बसायची तिला आवड! आणि तो विसरला नसेल, टेम्पो रस्त्यावरच नसेल, तर सासूबाईंना मी काय तोंड दाखवू?

अण्णांचा पुन्हा फोन. "बाया तरास द्याया लागल्यात, सायेब. पगार कापतील म्हनत्यात. तुमच्या मंडळी बी म्हनत्यात, पक्या इसरला आसंल, चला."

"तुम्हाला काय वाटतं, अण्णा?"

"दुसरा कॉल आला की गाडी सुटंल. न्हाई तर न्हाई."

मला बसवेना. मी फोन मॅनेजरांच्या हातात दिला. म्हटलं, "मी खिंडीत जाऊन बघतो. पक्याच्या नंबरवरून रिंग आली की अण्णांना सोडा म्हणायचं. आल्याशिवाय नाही."

"रिंग आली की त्या क्षणी सोडतो," ते म्हणाले. त्यांनी माझ्याच खुर्चीत बसून ताटली पुढे ओढली.

मी मोटारसायकल काढली. वाटेत वरून एक पांढरी मोटार खाली येताना दिसली. मी हात केला, ओरडलो. काच वर केलेली, थांबली नाही. खिंडीत शिरलो तर चाकासमोरचं हातभर दिसत होतं, त्यापुढे काही नाही. मी हॉर्न देत होतो आणि मध्येच थांबून कान देत होतो. पक्या, पक्या, म्हणून हाका मारत होतो.

मधल्या वळणावर पिवळं काहीतरी दिसलं. टेम्पो! रस्त्यात आडवा लावलेला, पार कातळापासून दरीपर्यंत. पुढे दगड रचलेले, त्यावर फांद्या. मी गाडी तिथेच टाकून पलीकडे धावलो, आणि पक्याने मागून माझा शर्ट धरला.

"दाजी, फुडं नका जाऊ."

पुढे रस्ता नव्हता. दरीकडचा भाग पार खाली गेला होता. कातळाकडे उरलेल्या पट्टीला लांबच लांब भेग पडलेली. आम्ही बघत असतानाच त्यातला एक लचका सुटला आणि धुक्यात गेला. तो खाली आपटल्याचा आवाजसुद्धा लवकर आला नाही.

पक्या भिजून चिंब, ओठ निळे. कातळाजवळ एक सपाट धोंडा होता. खिंडीत हमखास रिंग जायची ती तेवढ्या एका धोंड्यावरून, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो त्याच धोंड्यावर जाऊन बसला. त्याच्या एका मुठीत मोबाइल होता आणि दुसऱ्या मुठीत त्याची काढलेली बॅटरी.

"पांढऱ्या मोटारवाल्याला परत फिरवून सांगितलं हुतं," तो म्हणाला. "कारखान्यात निरोप द्या म्हनून. दिला न्हाई त्यानं?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला त्याचा एवढा राग आला होता की बस्स! मी त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवलं.

"फोन का बंद केलास? मेलो ना मी तिकडे! या धोंड्यावरून रिंग जाते ना? मग? एक रिंग द्यायला काय झालं होतं तुला? नुसती एक रिंग!"

पक्याने बॅटरीची मूठ आणखी घट्ट आवळली.

"रिंग चुकून बी गेली आसती तर बस सुटली आसती, दाजी," तो म्हणाला. "आक्का हाय तिच्यात."